पुस्तक बदललं, पण ठरवलं कुणी?

पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदलला. तो ठरवलेला असतो दिल्लीत आणि पुण्यात. सोलापूरच्या वाट्याला येते ती अंमलबजावणी.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत शिक्षण हा राज्यांचा विषय होता, मग तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात गेला. दिल्लीची एनसीईआरटी ही केंद्राची संस्था अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय आराखडा काढते. २००५ नंतरचा मोठा आराखडा थेट २०२३ चा, म्हणजे मध्ये १८ वर्षं. त्यावरून राज्याचा आराखडा बेतला जातो आणि त्यावरून बालभारतीची, म्हणजे पुण्यातल्या राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं. बालभारती स्थापन झाली २७ जानेवारी १९६७ ला, शिक्षणावरच्या कोठारी आयोगाचा अहवाल आल्यावर काही महिन्यांतच. नवी पुस्तकं सगळ्या इयत्तांना एकदम येत नाहीत. मागच्या फेरीत २०१७ ला सातवी आणि नववी बदलली, २०१८ ला पहिली, आठवी आणि दहावी. थोरल्याची पुस्तकं धाकट्याला पुरवायचा बेत त्यात हमखास फसतो.

सोलापूरची गोष्ट वेगळी होते ती भाषांमुळे. शहरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा आहेत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात तर जिल्हा परिषदेच्याच कन्नड शाळा. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि वाद विधानसभेत पोचला. जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा मुलांना त्रास होतो, असं गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं. अक्कलकोटच्या कन्नड शाळेत मात्र पोरं आधीपासून ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग एक. तेलुगूतही तोच क्रम. मराठी संख्यानामं मोडीत निघाली असा ओरडा झाला, पण जुनी नावं पुस्तकात होतीच. मला तो वाद उगाच ताणलेला वाटला.

उलट दिशेनंही एक गोष्ट गेली. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते आले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज डिसले गुरुजींना मिळाला. मात्र खालून वर गेलेली अशी उदाहरणं फार सापडत नाहीत.

ताजा वाद तिसऱ्या भाषेचा. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात पहिलीपासून हिंदी आली, विरोध पेटला, जूनमधल्या दुसऱ्या निर्णयात ‘अनिवार्य’ शब्द गळला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चर्चा सगळी मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांची. कन्नड माध्यमाचं पोर पहिलीपासून कन्नड, मराठी आणि इंग्रजी शिकतंच आहे. त्याच्यावर किती ओझं पडतं, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही.