पेनड्राइव्ह हरवणं वेगळं, फोनवर फसणं वेगळं

विमान कंपनीची किंवा विमानतळाची माहिती बाहेर फुटली की चौकशीत एक शब्द हमखास येतो : 'मानवी चूक'. हा शब्द म्हणजे घरातला माळा. काहीही वर ढकलावं आणि विसरून जावं. त्या माळ्यावर हलगर्जीपणा आणि फसगत शेजारीशेजारी पडलेल्या असतात, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

हलगर्जीपणा ओळखायला सोपा. ऑक्टोबर 2017 मध्ये हीथ्रो विमानतळाच्या एका कर्मचाऱ्याचा पेनड्राइव्ह हरवला. तो ज्याला सापडला, त्याने वाचनालयातल्या संगणकाला लावून पाहिला. पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून माहिती सांकेतिक करणं) नाही, आत हजारावर फायली. प्रशिक्षणाच्या एका व्हिडिओत तर दहा जणांच्या जन्मतारखा आणि पासपोर्ट क्रमांकही दिसत होते. पुढे हा ऐवज वर्तमानपत्राकडे गेला. वर्षभराने ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने हीथ्रोला 1 लाख 20 हजार पौंडांचा दंड ठोठावला. 6,500 कर्मचाऱ्यांपैकी जेमतेम 2 टक्क्यांना माहिती जपण्याचं प्रशिक्षण मिळालं होतं. या सगळ्यात समोर शत्रू कुणीच नव्हता.

फसगतीत तो असतो, आणि तयारी करून आलेला असतो. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने विमान कंपन्यांना 'स्कॅटर्ड स्पायडर' या हॅकरांच्या टोळीबद्दल सावध केलं, ते याच पद्धतीमुळे. कर्मचाऱ्यांच्या संगणकाच्या अडचणी सोडवणाऱ्या हेल्प डेस्कवर फोन वाजतो. पलीकडे घाईतला आवाज : मोबाइल बदललाय, लॉगिनचा कोड जुन्यावरच जातोय, तासाभरात ड्यूटी आहे, तेवढा नवा नंबर जोडून द्या. कर्मचारी क्रमांक बरोबर, जन्मतारीख बरोबर, वरिष्ठांचं नावही तोंडपाठ. बरं, विमानाच्या धंद्यात घाई कुणाला खटकणार? तिथे सगळेच घाईत. फोन उचलणारा नंबर जोडून देतो, आणि लॉगिनचा कोड थेट चोराच्या हातात जातो. फोन उचलणारा बेफिकीर नसतो. अडलेल्याचं काम पटकन करून देणं हीच त्याची नोकरी असते.

म्हणून उपायही एक नाही. पेनड्राइव्हवर इलाज यंत्राचा : यूएसबी पोर्ट बंद करा, फायली एन्क्रिप्ट करा. फसगतीला 'सावध राहा'ची पोस्टरं फारशी उपयोगाची नाहीत. तिथे फोन ठेवून नोंदीतल्या नंबरवर उलट फोन करायची पद्धत लागते. आणि माझ्या मते त्याहून जास्त गरजेचं म्हणजे, खऱ्याखुऱ्या कॅप्टनला दहा मिनिटं थांबवल्याबद्दल हेल्प डेस्कवरच्या पोराला कुणी झापणार नाही याची हमी. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच असते.

दोन्हींची सरमिसळही होते. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या ऑस्ट्रियाच्या एफएसीसी कंपनीत 2016 च्या सुरुवातीला असंच घडलं. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने बनावट ईमेल आला, हिशेब विभागाने पैसे पाठवले आणि सुमारे 4 कोटी 20 लाख युरो बुडाले. फसले हिशेबवाले, पण एवढी रक्कम उलटतपासणीशिवाय बाहेर जाऊ शकते, हा ढिलेपणा त्यांचा नव्हता. आधी वित्तप्रमुख गेले. मे महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनाही पदावरून काढलं. ईमेल त्यांनी लिहिलेला नव्हता, पैसेही त्यांनी पाठवले नव्हते.