आयएसओ पद्धतीने लिहिलेली तारीखही घसरते

आम्हां वडोदऱ्याच्या प्रोग्रामर मंडळींत एक समजूत वर्षानुवर्षे चालत आली आहे: तारीख आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे, म्हणजे २०२४-०३-०५ अशी लिहिली, की ती कुठेही चुकत नाही. हे अर्धसत्य आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रमाणामुळे ०५/०३ म्हणजे पाच मार्च की तीन मे, हा घोळ मिटतो खरा. परंतु ती तारीख कोणत्या टाइमझोनमधली, हा प्रश्न उरतोच.

दांडिया बाजारातील एका सभागृहाच्या आरक्षणासाठी मी फॉर्म केला, तेव्हा पाच मार्चची मुंज यादीत चार मार्चला दिसू लागली. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेतील स्थानिक मध्यरात्र मी ‘टू आयएसओ स्ट्रिंग’ने मजकुरात बदलली होती, ही पद्धत नेहमी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, देते, आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्याने हाती आली चार मार्चची संध्याकाळ, १८:३०. त्यातली पहिली दहा अक्षरे कापून साठवली, हा दोष माझाच.

उलट दिशेनेही फसगत होते. नुसती तारीख दिल्यास जावास्क्रिप्ट ती यूटीसी मानते, मात्र पुढे वेळ जोडून टाइमझोन न लिहिल्यास स्थानिक. इथे बसून ते लक्षात येत नाही, कारण यूटीसी मध्यरात्री आपल्याकडे पहाटेचे साडेपाच, तारीख तीच. न्यू जर्सीची वेळ यूटीसीच्या मागे, म्हणून तिथल्या मावशीला आदला दिवस दिसतो.

मुहूर्ताला घड्याळ लागते, आरक्षणाच्या दिवसाला नाही. म्हणून आता मी वर्ष, महिना आणि दिवस स्थानिक वेळेतून वेगवेगळे काढून साधा मजकूर म्हणून साठवतो.