मसाई पठार: पावसानं सगळं नेल्यावर उरलेला डोंगर

जुलै लागला की पन्हाळगड ते पावनखिंड पदभ्रमंतीचे फोटो कोल्हापुरात प्रत्येकाच्या मोबाईलवर येऊन पडतात. त्यांच्यासोबत एक माहितीही फिरत असते: पन्हाळ्याजवळचं मसाई पठार म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड, आणि तिथला भोकाभोकांचा तांबडा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. जोतिबाच्या डोंगराचा आकार शंकूसारखा, म्हणून त्याच्याबद्दलही हेच सांगतात. यातलं काहीच खरं नाही. खरी हकीकत याहून विलक्षण आहे आणि ती पावसाची आहे.

लाव्हा आहे, पण तो खालचा काळा दगड, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वाहत आला आणि थरावर थर साचत गेले. या डोंगरांचे उतार त्याच थरांचे आहेत, झिजून झिजून त्यांना हे आकार आलेत. माथ्याजवळ मात्र काळा दगड संपतो आणि तो भोकाभोकांचा तांबडा दगड, म्हणजे जांभा, लागतो. हा जांभा कुठून वाहत आलेला नाही. तो जागच्या जागी, त्या काळ्या दगडातूनच तयार झाला.

कसा, ते जरा सावकाश बघू. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं. त्यातले हायड्रोजनचे आयन बेसाल्टमधल्या फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांत शिरतात आणि तिथल्या सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमला जागेवरून हटवतात. हे धातू पाण्याबरोबर निघून जातात. दगडाची चिकणमाती होते, म्हणजे केओलिनाइट. ऊन, पाऊस आणि वेळ भरपूर मिळाला तर गोष्ट पुढे जाते. बेसाल्टच्या वजनात साधारण निम्मा वाटा सिलिकेचा असतो, तीही हळूहळू विरघळून वाहून जाते. जात नाहीत ते दोघेच, लोह आणि ॲल्युमिनियम. बेसाल्टमधलं लोह बहुतेक फेरस, म्हणजे पाण्यात विरघळू शकणाऱ्या, रूपात असतं. ऑक्सिजन मिळाला की ते फेरिक होतं, म्हणजे गंजतं, आणि फेरिक लोह साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. गुऱ्हाळात चरकातून रस निघून गेल्यावर चिपाड उरतं, तसा जांभा हा दगडाचा उरलेला भाग आहे.

आता मला यातला सर्वांत आवडणारा टप्पा. पावसाळ्यात जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, बुडालेल्या थरात ऑक्सिजन संपतो आणि थोडं लोह पुन्हा फेरस होऊन पाण्यात उतरतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की हवा आत शिरते आणि तेच लोह गोएथाइट, हेमटाइट अशी गंजासारखी खनिजं होऊन कणाकणांमध्ये सांध्यासारखं बसतं. दरवर्षी हेच, लाखो वर्षं. लोहाची घट्ट जाळी बनते, मधली मऊ माती धुऊन जाते, आणि मागे राहतात ती भोकं. लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांशी त्यांचा संबंध नाही. चिरेखाणीत काम करणाऱ्यांना या दगडाचा स्वभाव ठाऊक असतो: ताजा चिरा हत्यारानं सहज कापता येतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो. फ्रान्सिस बुकानननं १८०७ मध्ये केरळातल्या जांभ्याचं वर्णन छापलं, त्यात हाच गुण सांगितला होता. धुपणं आणखी पुढे गेलं आणि लोहही बरंचसं निघून गेलं की बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, होतं. राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरांत खाणी झाल्या त्या त्याच्यासाठी.

ही कडक टोपी माथ्यावर असल्यामुळे खालचा दगड वाचला आणि भोवतालचा प्रदेश झिजून खाली गेला. पठार सपाट का, याचं उत्तर इथे आहे. टोपीच्या कडा मात्र खालची मऊ माती निसटली की तुटतात. पन्हाळ्याच्या कड्यांखाली जांभ्याचे मोठमोठे धोंडे पडलेले दिसतात ते यामुळे.

पाण्याचंही तसंच. जांभ्याच्या भोकांतून पाऊस सरळ खाली उतरतो, चिकणमातीच्या थराशी अडतो आणि पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतो. अजूनही लोक बोअर मारण्याआधी पाणाड्याला बोलावतात, तळहातावर नारळ उभा राहिला की पाणी लागलं म्हणतात आणि कर्ज काढून बोअर मारतात. नारळाला जमिनीखालचं काही कळत नाही. जांभा आणि चिकणमाती जिथे भेटतात ती रेघ कड्यावर डोळ्यांनी दिसते, ती बघावी.

ज्या पाण्यानं दगड धुतला तेच झाडांचं अन्नही नेतं. माथ्यावर माती जेमतेम बोटभर, नत्र फार कमी. सप्टेंबरात तिथल्या ओलसर खोलगट जागी गुडघे टेकून बघा. सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं डोलताना दिसतील, पण खरं यंत्र चिखलात आहे: धाग्यांसारख्या फांद्यांना लागलेल्या मिलिमीटरभराच्या पिशव्या. पिशवी आतलं पाणी बाहेर उपसते, आत दाब कमी होतो, भिंती आत ओढल्या जातात. दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव टेकला की दार उघडतं आणि एका मिलिसेकंदापेक्षा कमी वेळात तो पाण्यासकट आत ओढला जातो. जमिनीत नाही ते नत्र ही वनस्पती असं मिळवते. शेजारची दवबिंदू तेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करते.

सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी, म्हणतात, आणि त्यामुळेच कदाचित गाडी थेट फुलांवर नेताना कुणाला काही वाटत नाही. ओल्या पठारावर चाकाची चाकोरी पडली की पाणी त्या वाटेनं पळतं, बोटभर माती सोबत नेतं, आणि उघड्या जांभ्यावर पुढच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यात एकही पिशवी तयार होत नाही.