सहा मिनिटांचा हिशेब: लॉ फर्ममधल्या बिलिंगच्या कामामागचा इतिहास

अमेरिकेतल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये बिलिंग स्पेशालिस्ट, म्हणजे वकिलांच्या तासांच्या नोंदी तपासून अशिलांची बिलं तयार करणारा माणूस, हे पद आता इतकं रुळलंय, की ते पहिल्यापासूनच असावं असं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी मात्र त्याची गरजच नव्हती. प्रकरण संपलं की मुख्य भागीदार फाइल पुढे ओढायचा. काम किती अवघड गेलं, अशिलाचा फायदा किती झाला, त्याची ऐपत काय, हे मनाशी तोलायचा आणि एका ओळीचं बिल धाडायचा: ‘व्यावसायिक सेवेबद्दल’, आणि पुढे एक आकडा. इंग्लंडमधले सॉलिसिटर कामागणिक पैसे लावत. भेटीचे सहा शिलिंग आठ पेन्स, म्हणजे पौंडाचा बरोबर तिसरा हिस्सा, हा त्यांचा प्रसिद्ध दर. अमेरिकेत वकिलांच्या संघटना किमान शुल्काचे तक्ते काढत आणि सभासद ते पाळत. वेळ कुणी मोजत नव्हतं.

वेळ मोजायची पद्धत रूढ केली ती रेजिनल्ड हेबर स्मिथ यांनी, आणि तिचा उगम श्रीमंतांच्या फर्ममध्ये नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्मिथ १९१४ साली हार्वर्डमधून कायदा शिकून बाहेर पडले आणि बॉस्टनच्या लीगल एड सोसायटीचं काम पाहू लागले. दारात गरिबांची रांग, हातात तुटपुंजा निधी. एकेका प्रकरणाला किती खर्च येतो हे कळल्याशिवाय त्या निधीत सगळ्यांचं भागणार नव्हतं. त्यातून वेळेची नोंद आली. १९१९ साली ते हेल अँड डॉर या फर्मचं व्यवस्थापन पाहायला गेले आणि ही शिस्त तिथे नेली. रोजचा तक्ता, तासाचे दहा भाग, एक भाग सहा मिनिटांचा. आजही टाइमशीटवर ०.१ लिहिलं जातं ते हेच. स्मिथ यांना त्यातून मुख्यतः कामाचा खरा खर्च समजून घ्यायचा होता. तासाला इतके डॉलर अशी थेट आकारणी सर्वत्र झाली ती पुढे.

१९३८ साली अमेरिकी संघीय न्यायालयांचे दिवाणी कामकाजाचे नवे नियम लागू झाले. दोन्ही बाजूंनी एकमेकांची कागदपत्रं मागवायची, साक्षी आधी नोंदवायच्या, अशी लांबलचक पूर्वतयारी त्यांत आली आणि दाव्याला किती काम लागेल हे सुरुवातीला सांगणं कठीण झालं. १९५८ साली अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या देशव्यापी संघटनेने एक पुस्तिका काढली. वकिलांची कमाई डॉक्टर-दंतवैद्यांच्या मागे पडतेय, जे वेळेची नोंद ठेवतात ते जास्त कमावतात, असं त्यात बजावलं होतं. वर्षाला साधारण १३०० तास बिलात लावता येतील असा तिचा अंदाज होता. आज मोठ्या फर्म तरुण वकिलांकडून १९०० ते २००० तासांची अपेक्षा ठेवतात.

शुल्काचे तक्ते मोडले ते मात्र एका घरखरेदीमुळे. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्समध्ये गोल्डफार्ब दांपत्य घर घेत होतं आणि मालकीहक्काची तपासणी वकिलाकडूनच करून घ्यावी लागणार होती. तक्त्याप्रमाणे शुल्क किमतीच्या एक टक्का. त्यांनी ३६ वकिलांना पत्रं लिहून दर विचारले. १९ जणांनी उत्तर दिलं, पण तक्त्याच्या खाली यायला एकही तयार नव्हता. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे तक्ते स्पर्धाविरोधी ठरवले. आता तासाचा दर हाच सोयीचा आधार उरला, आणि तासांचे ढीग सांभाळायला स्वतंत्र माणसं लागली.

या माणसांचं काम खऱ्या अर्थाने बदललं ते अशील बिल वाचू लागल्यावर. कंपन्यांनी आणि विमाकंपन्यांनी बाहेरच्या वकिलांसाठी नियमावल्या काढल्या. १९९३ मध्ये बार असोसिएशनने आपल्या ३७९ क्रमांकाच्या मतात स्पष्ट केलं, की एकाच वेळी तीन अशिलांचं काम करून चार तास घालवले, तर त्याचे बारा तास होत नाहीत. नव्वदच्या दशकात कामांचे ठरावीक कोड आले, १९९८ मध्ये लेडेस ही बिलाच्या फाइलची समान रचना आली. कोड चुकला तर अशिलाची यंत्रणा सबंध बिल परत पाठवते.

एक नोंद जवळून पाहू: ‘अशिलाशी फोन; कराराचा मसुदा; सहकाऱ्याशी चर्चा — ४.५’. तीन कामं एका आकड्यात कोंबलेली, त्यामुळे बहुतेक नियमावल्यांत ही नापास. प्रीबिल, म्हणजे अशिलाकडे जाण्याआधीचं कच्चं बिल, तपासणाऱ्याने ती वकिलाकडे परत न्यायची, ०.४, ३.५ आणि ०.६ अशी फोड त्याच्याकडूनच करून घ्यायची, मसुद्याला ए१०३ आणि अशिलाशी बोलण्याला ए१०६ हे कोड लावायचे. आपसातल्या चर्चेचे पैसे द्यायचे नाहीत असा अशिलाचा नियम असेल, तर शेवटचे ०.६ वगळायचे की अशिलाकडे तरीही मागून पाहायचे, हे भागीदाराला विचारायचं. महिनाअखेरीच्या घाईत ही फोड स्वतःच अंदाजाने टाकायचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. किती मिनिटं कशात गेली हे फक्त वकिलाला ठाऊक असतं, आणि आपण टाकलेला आकडा हा बनावट पुरावा ठरतो. या कामाला कारकुनी म्हणून हिणवणाऱ्यांनी ही जबाबदारी लक्षात घेतलेली नसते.

आपल्याकडची घडण वेगळी. वकिलाच्या सेवेवरचा जीएसटी बहुतांशी रिव्हर्स चार्जने अशील कंपनीच भरते, सीएच्या बिलात तो लावावा लागतो. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यवसायांमधल्या व्यवहारांसाठी ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं झालं. सीएने नफ्याच्या टक्केवारीवर फी घ्यायला १९४९ च्या कायद्याने, काही अपवाद सोडता, मनाई आहे.

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन फर्मची बिलं सांभाळणाऱ्या मराठी मुलामुलींना मात्र तिकडचंच वेळापत्रक पाळावं लागतं. तिथल्या बऱ्याच फर्म रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवतात. ३१ डिसेंबरपर्यंत हातात आलेला पैसाच त्या वर्षीचा धरला जातो. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपवून मंडळी परत येतात, तेव्हा अडकलेली बिलं सोडवायची आणि वसुलीच्या मागे लागायची सर्वांत मोठी धांदल सुरू झालेली असते.