अनुदानातले ६० टक्के खरंच कोण घेतं?

७ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन यंत्रणेने जाहीर केलं की, संशोधन अनुदानावरचा अप्रत्यक्ष खर्च यापुढे सरसकट १५ टक्के दरानेच मिळेल. बोस्टनच्या संघीय न्यायालयाने ते रोखलं. पण त्या गदारोळात एक समज पक्का झाला: विद्यापीठं अनुदानातले ६० टक्के स्वतःकडे ठेवतात आणि संशोधकाच्या हाती ४० टक्केच पडतात. हा समज साफ चुकीचा आहे.

संशोधकाचा पगार, रसायनं, प्रयोगाचे उंदीर हा थेट खर्च. पण उणे ८० अंशांच्या फ्रीझरची वीज, घातक कचऱ्याची विल्हेवाट, रुग्णांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणारी समिती, हिशेबनीस, इमारतीचा घसारा यांत एकेका प्रकल्पाचा वाटा किती, हे वेगळं मोजता येत नाही. हा अप्रत्यक्ष खर्च. म्हणून संस्था आपले हिशेब सरकारपुढे मांडते आणि वाटाघाटींतून एक दर ठरतो.

हा दर थेट खर्चातून कापत नाहीत, त्यावर वरून देतात. थेट खर्च १०० डॉलर आणि दर ६० टक्के असेल, तर एकूण अनुदान १६० डॉलर. संशोधकाचे १०० शाबूत. १६० मधले ६० म्हणजे साडेसदतीस टक्के.

पण हा आकडाही जास्तच आहे, कारण दर संपूर्ण थेट खर्चावर लागतच नाही. मोठी उपकरणं आणि दुसऱ्या संस्थेला दिलेल्या कामाची बरीचशी रक्कम आधी वगळतात. समजा थेट खर्च १० लाख डॉलर, त्यातले ३ लाख असे वगळलेले. उरलेल्या ७ लाखांवर ६० टक्के म्हणजे ४ लाख २० हजार. एकूण १४ लाख २० हजारांत हा वाटा ३० टक्क्यांहून किंचित कमी. एनआयएचचेच २०२३ सालचे आकडे पाहा: बाहेरच्या संस्थांना ३५ अब्ज डॉलर, त्यातले अप्रत्यक्ष खर्चाचे ९ अब्ज. म्हणजे साधारण २६ टक्के.

या दराचे दोन भाग असतात: वास्तू, म्हणजे इमारती, वीज वगैरे, आणि प्रशासन, म्हणजे हिशेबनीस, समित्या वगैरे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने एका नौकेचा घसारासुद्धा या खात्यात दाखवल्याचं उघड झालं, आणि १९९१ पासून विद्यापीठांच्या प्रशासनाच्या भागावर २६ टक्क्यांची मर्यादा आली. गैरप्रकार झाला होता, त्यावर इलाजही झाला. तेव्हा विद्यापीठाचा दर ६० असेल, तर त्यातले किमान ३४ वास्तूचे असतात.

म्हणूनच विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेत छप्पर कोणाचं, हा कळीचा प्रश्न ठरतो. विद्यापीठाचा माणूस भाड्याच्या जागेत काम करत असेल, तर विद्यापीठाला बहुधा प्रशासनाचाच भाग मिळतो. १९८२ साली स्थापन झालेल्या व्हाइटहेड संस्थेचे शास्त्रज्ञ एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक आहेत, पण संस्था कायद्याने वेगळी आणि तिचं संचालक मंडळही वेगळं. अशा स्वतंत्र संस्थेला २६ टक्क्यांची ती मर्यादा लागूच होत नाही.

आता वरच्या उदाहरणात १५ टक्के घाला: ४ लाख २० हजारांऐवजी १ लाख ५ हजार. उरलेले ३ लाख १५ हजार अशा संस्थेच्या संचालक मंडळाने आणायचे कुठून? ‘रामबाण औषध सापडलं’ अशा भडक मथळ्यांवर देणग्या जमतात, पण त्या त्याच आजारासाठी राखीव असतात. फ्रीझरचं वीजबिल त्यांतून भरता येत नाही.