मनोथरारक कादंबरी, कौटुंबिक गुपितांची

खून, वेड, दत्तकविधान, अनौरस संतती किंवा दडवलेला मृत्यू यांपैकी एखादी गोष्ट घराण्याने वर्षानुवर्षे झाकून ठेवली आहे आणि ती उघडी पडण्याची भीती हाच कथानकाचा कणा आहे, असा कादंबरीप्रकार. रहस्यकथेत ‘कोणी केले’ हे शोधायचे असते. येथे ‘घरातल्या कोणाकोणाला ठाऊक होते’ हे शोधायचे असते. साहजिकच पोलीस वा गुप्तहेर मागे पडतो आणि संशय निवेदकावरच येऊन ठेपतो. नागपुरातील वाचक या प्रकाराला सरसकट ‘थ्रिलर’ किंवा ‘सस्पेन्स’ म्हणतात.

उगमाविषयी तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार याचे मूळ इंग्रजी गॉथिक कादंबरीत, म्हणजे हॉरेस वॉल्पोल याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पर्यंत (1764) मागे नेता येते : वाड्याला लागलेला शाप आणि पूर्वजांच्या पापाची फेड. दुसरे मत 1860च्या दशकातील ‘सेन्सेशन’ कादंबरीला श्रेय देते. विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ 1859–60 मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यात गुन्हा किल्ल्यातून निघून सुखवस्तू घराच्या दिवाणखान्यात आला आणि हकिगत एकाने न सांगता अनेकांच्या जबान्यांतून सांगितली गेली. तिसरे मत मनोविश्लेषणाकडे बोट दाखवते. फ्रॉइडने 1919च्या निबंधात ‘हाइमलिश’ या जर्मन शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर ठेवले : घरगुती, ओळखीचे, आणि लपवलेले. घरचे आणि गुप्त या दोहोंना एकच शब्द असावा, यावर त्याचा सगळा युक्तिवाद उभा आहे : खरी भीती परक्या गोष्टीची नसते, ओळखीच्या पण दडपलेल्या गोष्टीची असते. (मराठीत ‘झाकली मूठ’ जवळपास हेच काम करते, फक्त तिची किंमत सव्वा लाख ठरलेली आहे.) तिन्ही मतांत तथ्य असले, तरी आजच्या कादंबरीची रचना पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शाप नसला तरी तिचे चालते, जबानीवाचून मात्र चालत नाही. ‘अविश्वसनीय निवेदक’ (ज्याच्या सांगण्यावर वाचकाला भरवसा ठेवता येत नाही असा) ही संज्ञा अमेरिकी समीक्षक वेन बूथ यांनी 1961 मध्ये रूढ केली. तंत्र त्याआधीचे आहे.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांत गुन्हेगार बहुधा बाहेरचा आणि नायक त्याला पुरून उरणारा. नारायण धारप (1925–2008) यांनी भीती घरात आणली, पण तिचे कारण पुष्कळदा अमानवी ठेवले. रत्नाकर मतकरी (1938–2020) यांच्या गूढकथेत ती माणसाच्या मनाशी येऊन थांबते. मनोथरारक कादंबरीला सर्वांत जवळचा टप्पा हाच मानावा लागेल. मात्र तो प्रामुख्याने कथेचा आहे, कादंबरीचा नव्हे. मराठी वाचकाला हा कादंबरीप्रकार बराचसा भाषांतरांतून भेटला.

भाषांतरात याची खरी अडचण व्याकरणाची आहे आणि तिची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. इंग्रजी निवेदक तीनशे पाने आपण स्त्री की पुरुष हे लपवू शकतो. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच मूठ उघडते. उपाय आहे : सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माच्या लिंगाप्रमाणे चालतो, म्हणून ‘मी दार उघडले, पत्र वाचले, ते जाळले’ एवढ्यावर लिंग कळत नाही. ‘मला भीती वाटली’, ‘मी उद्या जाईन’ हेही निर्धोक. पण निवेदकाला हसावे, बसावे, पळावे लागले की भाषांतरकाराची पंचाईत होते. नातेवाचक शब्दांचेही तसेच. इंग्रजीतील एकाच ‘अंकल’मध्ये काका, मामा, मावसा, आत्याचे यजमान असे सगळे दडतात. मराठीत पहिल्याच पानावर त्यांतून एक निवडावा लागतो, आणि गुपित आईकडचे की वडिलांकडचे हेच मुळात कथेतले कोडे असेल, तर ते तिथेच फुटते.

उलट काही गोष्टी मराठीत आयत्या मिळतात. लग्नानंतर नाव बदलण्याच्या रिवाजामुळे एका बाईची दोन नावे असतात. माहेरच्या नावाने आलेले पत्र सासरी कोणाचे ते ओळखू येत नाही, आणि यासाठी लेखकाला काहीही रचावे लागत नाही. विदर्भातील अनेक घरांत वडिलांच्या थोरल्या भावाला ‘मोठे बाबा’ आणि त्यांच्या पत्नीला ‘मोठी आई’ म्हणतात. ‘मोठी आई’च जन्मदाती निघाली, अशा कथानकात हाक पहिल्यापासून खरी असते, ऐकणाऱ्यालाच ती कळलेली नसते.

नागपूरच्या संदर्भात या प्रकाराला पोषक सामग्री पुष्कळ आहे. मालगुजारी, म्हणजे येथील जमीनदारी, 1950च्या कायद्याने, 1951 पासून संपली. वाडे राहिले, वाटण्या लांबल्या, आणि कोणाचे नाव वारसांत का नाही हा प्रश्न फेरफाराच्या नोंदीत दिसू लागला. भोसले घराण्याच्या इतिहासातही याच घाटाचे प्रकरण आहे. दुसरे रघुजी 1816 मध्ये वारल्यावर गादी दुर्बल प्रकृतीच्या परसोजींकडे आली व कारभार चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या हाती गेला. फेब्रुवारी 1817च्या आरंभी परसोजी मृत आढळले. ब्रिटिश कागदपत्रे आणि त्यांवर आधारलेली गॅझेटिअरे हा आप्पासाहेबांनी घडवलेला खून मानतात. तो पक्ष संभवनीय आहे. तथापि त्याच वर्षी नोव्हेंबरात आप्पासाहेब आणि ब्रिटिश यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली, तीत ब्रिटिश जिंकले, आणि पराभूताविषयी जेत्याने लिहून ठेवलेली हकिगत ही शेवटी एका निवेदकाचीच हकिगत होय.

धडधाकट माणसाला वेडे ठरवून कोंडणे हे या कादंबऱ्यांतील जुने सूत्र आहे. कॉलिन्सने ते वापरले आहे. 1912च्या भारतीय कायद्यात पती, पत्नी वा नातेवाइकाच्या अर्जावर दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने भरती होत असे, त्यामुळे ते येथेही अशक्य कोटीतले नव्हते. 1987 व 2017च्या कायद्यांनी ती चौकट बदलली. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक नागपुरात आहे. नागपूरकर ‘पागलखाना चौक’ हे नाव अजूनही सहज घेतात; मनोरुग्णांना भयाचे साधन करणाऱ्या कादंबऱ्यांनी त्या शब्दाला खतपाणीच घातले आहे.

वाचनाचा हंगाम उन्हाळ्याचा. पारा 45 अंशांपलीकडे गेला की दुपारी बाहेर पडता येत नाही. कूलरच्या घरघरीत, पाण्याच्या ओल्या वासात पुस्तक एका बैठकीत संपते. ‘काय करून राहिला?’ ‘वाचून राहिलो’ या संवादापुढे चौकशी होत नाही. शेवटचे पान आधी वाचणारे सर्वत्र असतात.

धंतोलीतील एका सशुल्क वाचनालयाच्या भाषांतरित प्रतीत प्रस्तुत नोंदकर्त्याला एक दुरुस्ती आढळली. भाषांतरकाराने घरातल्या पाहुण्याला आरंभापासून ‘काका’ म्हटले होते. तो आईचा भाऊ असल्याचे शेवटी उघड होते. कोणा वाचकाने मागे जाऊन, पहिल्या प्रकरणापासून प्रत्येक ‘काका’ पेन्सिलीने खोडून वर ‘मामा’ लिहिले आहे. एकही सुटलेला नाही.