कामगारांचा संप आणि वकिलांचा बहिष्कार यांत फरक वकीलपत्राचा आहे

साताऱ्यात किंवा सांगलीत वकील संघटनेने कामकाजापासून अलिप्त राहण्याचा ठराव केला, की साखर कारखान्याचे कामगार संप करतात तर वकिलांनी का करू नये, हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो सपशेल चुकीचा आहे.

कामगारांचा संप सर्वांच्या परिचयाचा आहे. भांडण मालकाशी असते, नुकसान मालकाचे होते आणि कामगारही त्या दिवसांच्या पगाराला मुकतो.

वकिलाचे भांडण सरकारशी, पोलिसांशी किंवा न्यायालयीन प्रशासनाशी असते. वकीलपत्र, म्हणजे न्यायालयात बाजू मांडण्याचा लेखी अधिकार, मात्र त्याने पक्षकाराचे घेतलेले असते, आणि त्या पक्षकाराचा भांडणाशी काडीचाही संबंध नसतो. जतहून पहाटेच्या एसटीने साक्षीदाराला घेऊन निघालेला माणूस सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात पोहोचतो, पुकारा होतो, रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत, वकील गैरहजर असल्याची नोंद होते आणि त्याच्या हाती फक्त पुढची तारीख पडते. फी त्याने दिलेली असते. गाडीभाडे आणि साक्षीदाराचा बुडालेला रोजही त्याच्याच माथी बसतो. स्वीकारलेले काम पुरेशा कारणाशिवाय आणि पक्षकाराला वाजवी पूर्वसूचना दिल्याशिवाय सोडू नये, असा वकिलांच्या नियामक संस्थेचा, म्हणजे बार कौन्सिलचा, नियम आहे. संघटनेचा ठराव हे पुरेसे कारण आहे, असे मी मुळीच मानत नाही.

हरीश उप्पल प्रकरणात १७ डिसेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने वकिलांना संपाचा वा बहिष्काराचा हक्क नाही, लाक्षणिक संपाचाही नाही, असे स्पष्ट केले. तरीही ‘एक दिवस चालतो’ असे सर्रास सांगितले जाते, आणि याचीच मला सर्वाधिक चीड येते. वकीलवर्गाची किंवा न्यायपीठाची प्रतिष्ठा, सचोटी अथवा स्वातंत्र्य पणाला लागले असेल, अशा अत्यंत दुर्मीळ प्रसंगी जास्तीत जास्त एका दिवसाच्या अलिप्ततेकडे न्यायालय दुर्लक्ष करू शकेल, एवढेच निकालात म्हटले आहे. त्याआधी संघटनेच्या अध्यक्षांनी मुख्य न्यायमूर्तींशी किंवा जिल्हा न्यायाधीशांशी विचारविनिमय करायचा असतो आणि त्यांचाच निर्णय अंतिम असतो. न्यायालयाने कानाडोळा करणे म्हणजे वकिलाला हक्क मिळणे नव्हे.

निषेधाला मात्र कोणाचीच आडकाठी नाही. दंडाला फीत बांधावी, निवेदन द्यावे, न्यायालयाच्या आवाराबाहेर मोर्चा काढावा, धरणे धरावे, साखळी उपोषण करावे. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर खंडपीठाची मागणी रास्तच होती आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यामुळे सातारा-सांगलीच्या पक्षकारांची मुंबईची पायपीट वाचली; परंतु त्या लढ्यात जेव्हा जेव्हा कामकाज बंद ठेवले गेले, तेव्हा त्याची झळ याच पक्षकारांनी सोसली. मागणी कितीही न्याय्य असली, तरी तिचा खर्च त्यांच्या गळ्यात मारता येत नाही. संपामुळे गैरहजर राहिलेल्या वकिलाकडून पक्षकाराला नुकसानभरपाई मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच रॅमन सर्व्हिसेस प्रकरणात सांगितले आहे.